एकाच दिवसाचा टप्पा : धुळे ते झोडगे, मायसोबत. तयारी कशी करू?

अनेरकाठची | ५ मार्च, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. माझं माहेर शिरपूर तालुक्यातलं, सध्या नोकरीमुळे नाशिकला. माझी आई (आम्ही मायच म्हणतो) दर चैत्रात गावच्या दिंडीसोबत पायी सप्तशृंगी गडावर जाते, यंदा तिची अठरावी खेप. वय त्रेसष्ट. दरवर्षी काकू सोबत असायची पण काकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून मी मायला म्हटलं की पूर्ण नाही जमणार पण एक दिवस तरी मी तुझ्यासोबत चालते.

पौर्णिमा २ एप्रिलला आहे. दिंडी शनिवारी २८ मार्चला रात्री दोनला धुळ्याहून निघणार आणि मुक्काम झोडग्याला, म्हणजे साधारण तीस किलोमीटर. रविवारी मला परत यायचंय. मी ४१ वर्षांची, दिवसभर खुर्चीत आणि एसीत, रोज अर्धा तास चालते तेवढाच व्यायाम. हातात तीन आठवडे आहेत. बूट की चप्पल, पाणी किती, खायचं काय, पाय कसे तयार करायचे? सगळ्या यात्रेचं नको, ह्या एका दिवसाचं सांगा. मायला विचारलं तर म्हणते, "काहीच लागस नही, तू फक्त चाल."

---

पांझरेकर | ६ मार्च, सकाळी ७:०५

सप्तशृंगी माते की जय! ताई, धुळ्यात मुक्कामी आलात की देवपुरात एकविरा मातेला नमस्कार करा मग पुढची वाट धरा. आमच्याकडे तशीच पद्धत आहे.

---

दहा_खेपा | ६ मार्च, सकाळी ९:४०

ताई, मी शिंदखेड्याकडचा, दहा वेळा गड झालाय पायी, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे तीस किलोमीटर ऐकून घाबरू नका आणि सहज पण घेऊ नका. एकटा माणूस तासाला पाच किलोमीटर जातो, दिंडी चार. रात्री दोनला निघाले आणि साडेनऊला सावली धरली तर साडेसात तास, त्यातले दीड तास चहा, आरती, बसणं. उरले सहा तास म्हणजे चोवीस किलोमीटर. बाकीचे सहा ऊन उतरल्यावर पाच वाजेनंतर. हे गणित ज्याच्या डोक्यात पक्कं असतं तो दिवसभर शांत राहतो. ज्यांना वाटतं की सकाळीच सगळं संपवू, ते अकरा-बाराला डांबरावर सापडतात, आणि आपल्याकडच्या मार्चअखेरच्या दुपारी डांबर काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

तयारी: आजपासून एक दिवसाआड पाच किलोमीटर. ह्या रविवारी दहा, पुढच्या रविवारी पंधरा, त्याच्या पुढच्या शनिवारी अठरा आणि लगेच रविवारी आठ. ते दुसऱ्या दिवशीचे आठ महत्त्वाचे, कारण दुखऱ्या पायाने चालायचं कसं ते तेव्हाच कळतं. नंतरचे शेवटचे चार दिवस फक्त पाय मोकळे करायचे. आणि जे बूट-मोजे त्या दिवशी घालणार तेच आजपासून घाला. नवीन काहीही त्या दिवशी घालू नका, चड्डी-बनियनसुद्धा नवीन नको.

---

चोपडेकर | ६ मार्च, दुपारी १:१५

बूट कसले घेऊन बसले भाऊ. गडाची वाट अनवाणीच चालायची असते. आमच्या आजीने नवस फेडला तो अनवाणी, आम्ही पण तसेच जातो. एक दिवस तर जातेय ताई, एक दिवस आईसाठी पाय भाजले तर काय झालं?

---

डॉ_केळीपट्टा | ६ मार्च, रात्री ९:५०

चोपडेकर, तुमच्या श्रद्धेला हात जोडतो पण ह्या मुद्द्यावर गप्प बसवत नाही. मी रावेरकडे प्रॅक्टिस करतो. दर चैत्रात गडावरून परत आलेल्यांचे तळवे बघतो. माझ्या नात्यातले एक काका शुगरचे पेशंट, तळव्याची संवेदना कमी झालेली, त्यांना भाजतंय हेच कळलं नाही. संध्याकाळी मुक्कामाला बसले तर दोन्ही तळव्यांची कातडी सुटलेली. चार महिने ड्रेसिंग चाललं. ज्यांना शुगर आहे त्यांनी अनवाणी जाऊच नये, नवस असला तरी. देवळाच्या पायऱ्या अनवाणी चढा, तो पण नवसच.

अनेरकाठची, आता तुमच्यासाठी.

फोड पाय घासल्याने येतो, आणि घाम त्यात भर घालतो. निघताना टाचा, बोटांच्या मधे, अंगठ्याच्या बाजूला व्हॅसलीन. पातळ मोज्यावर दुसरा मोजा. बूट अर्धा नंबर मोठा, कारण पाच-सहा तासांनी पाय सुजतो. नखं आठवडाभर आधी कापा, आदल्या रात्री नाही. चालताना कुठे "गरम" लागायला लागलं की तिथेच थांबा आणि कागदी चिकटपट्टी लावा. पुढच्या चहाला बघू म्हणाल तर तोवर फोड झालेला असतो. झालाच तर वरची कातडी काढू नका, तेच त्याचं बँडेज.

पाणी: दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार-पाच घोट. नुसतं पाणीच लिटरवर लिटर ढोसू नका, घामातून मीठ पण जातं. ओआरएसचं एक लिटरवालं पाकीट पूर्ण एक लिटरमधेच टाका, अर्ध्या बाटलीत नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. बीपीची गोळी चालू असेल तर मायच्या डॉक्टरांना आधी विचारा, काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि अंगातलं पाणी उतरतं.

कोणी बडबडायला लागलं, चाल वाकडी पडली, अंग तापलं, उलट्या सुरू झाल्या, तर तो थकवा समजू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

आणि शेवटचं, तुम्ही एसीत बसता. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. रोजच्या चालण्यातलं थोडं चालणं सकाळी नऊच्या उन्हात करा.

---

चोपडेकर | ६ मार्च, रात्री १०:२०

शुगरवाल्यांचं पटलं डॉक्टरसाहेब. आमच्या दिंडीत पण दोन-तीन जण आहेत, त्यांना सांगतो. बाकी मी अनवाणीच जाणार.

---

भरीत_भाकर | ७ मार्च, सकाळी ८:३०

सगळे पायावर बोलले, पोटाचं कोणी बोलेना. आदल्या रात्री धुळ्यात शेवभाजी चापायचा मोह होईल, करू नका!! रात्री दोनला चालायचं आणि पोटात तर्री, मग घाटात काय हाल होतील? साधी मुगाची खिचडी खा आणि आठला आडवे व्हा.

सोबत दशम्या घ्या. दुधात मळलेल्या, त्या दोन दिवस नरम राहतात. लसणाची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे, दोन कांदे. माझी आई कळण्याची भाकर पण द्यायची पण ती उन्हात लवकर कडक होते, वरून तेल-चटणी लागतेच. आणि वाटेवर ठिकठिकाणी लोक मठ्ठा, पन्हं, सरबत देतात ते घ्या, नाही म्हणू नका, त्यांनी वर्षभर वाट बघितलेली असते.

---

पांझरेकर | ७ मार्च, सकाळी ८:४१

कांदा खिशात ठेवायचा की खायचा?

---

भरीत_भाकर | ७ मार्च, सकाळी ८:४४

खायचा भाऊ. खिशात ठेवून फक्त खिशाला वास लागतो.

---

निवृत्त_मास्तर_पारोळा | ७ मार्च, दुपारी ४:००

आपली वाट लळिंगवरून जाते म्हणून दोन गोष्टी सांगतो. लळिंगचा किल्ला हे फारुकी घराण्याचं सुरुवातीचं ठाणं, चौदाव्या शतकातलं. त्याच डोंगरावर लांडोर बंगला आहे, तिथे १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्कामी होते, आजही ३१ जुलैला तिथे मोठ्या संख्येने लोक जमतात. तुम्ही अंधारात खालून जाणार, दिसणार काही नाही, पण उजाडायच्या आधी डाव्या-उजव्या हाताला काय आहे हे माहीत असलं की वाट छोटी होते.

झोडग्याला मात्र संध्याकाळी पाय दुखत असले तरी माणकेश्वराचं जुनं दगडी देऊळ बघाच. हेमाडपंती म्हणतात लोक. त्यावरचं कोरीवकाम मावळतीच्या उन्हात बघायचं. गावातून इतक्या दिंड्या जातात आणि निम्म्या माणसांना देऊळ ठाऊक नसतं, ह्याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

---

टेम्पोवाला_भाऊ | ७ मार्च, रात्री ११:३०

मी सहा वर्ष आमच्या दिंडीचा सामानाचा टेम्पो चालवतो. दशमीचा चंद्र तीनच्या सुमारासच मावळतो, म्हणजे लळिंग घाट पूर्ण अंधारात. लोकांना वाटतं पौर्णिमा जवळ आली म्हणजे उजेड, तसं नसतं, पौर्णिमेच्या चार-पाच दिवस आधी पहाटे चंद्र नसतोच. बॅटरी पाहिजे, आणि अंगावर चमकणारं जाकीट. मिळत असेल तर मायला पण घ्या. काळं-निळं लुगडं अंधारात ड्रायव्हरला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, हे मी स्टेअरिंगवर बसून सांगतोय.

सर्व्हिस रोड असेल तिथे सर्व्हिस रोडच. नसेल तिथे पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, एकामागे एक. गप्पा मारत चार जण आडवे चालायचं नाही. दिंडीच्या मागे दिवे लावलेली गाडी पाहिजेच, आणि तिच्या मागे कोणी राहायचं नाही, लघवीला थांबलं तरी गाडी थांबवायची. कानात हेडफोन नको. आणि डीजे नको!! मागून ट्रकचा हॉर्न ऐकू येत नाही त्या आवाजात. मी टेम्पोवर स्पीकर लावू देत नाही म्हणून पोरं नाराज होतात, होऊ द्या.

---

यावलचा_पाटील | ८ मार्च, सकाळी ६:५५

डीजे पूर्ण बंद कशाला भाऊ, पोरं त्यामुळेच येतात. दिवसा गावातून जाताना वाजवला तर काय बिघडतं? देवीची गाणीच असतात.

---

टेम्पोवाला_भाऊ | ८ मार्च, सकाळी ७:३०

गावात वाजवा. हायवेला नाही. ह्याच्यावर मी मागे हटणार नाही पाटील, माझ्या डोळ्यासमोर एक माणूस गेलाय.

---

यावलचा_पाटील | ८ मार्च, सकाळी ७:४२

बरं. हायवेला नाही. मान्य.

---

मुक्ताईची_लेक | ८ मार्च, दुपारी २:१०

मी कोठळीहून मुक्ताईच्या पालखीसोबत पंढरपूरला चालते. ती वाट महिनाभराची, तुमचा एक दिवस, पण एक गोष्ट सगळीकडे सारखीच आहे आणि इथे अजून कोणी बोललं नाही, कारण बहुतेक पुरुषच लिहितायत.

बायका पाणी पीत नाहीत. तहान नसते म्हणून नव्हे, जायला जागा नसते म्हणून. अंधार असतो तोपर्यंत आडोसा मिळतो, उजाडलं की संपलं. मग पहाटे चारपासून बाटलीला तोंडच लावायचं नाही, आणि दहाला ऊन डोक्यावर आलं की चक्कर. वर सगळे म्हणतात उपास असेल. मी ह्या कारणाने स्वतः पडलेय, दुसऱ्या वर्षी, सलाईन लावावी लागली. डॉक्टरसाहेबांनी वीस मिनिटांनी चार घोट लिहिलं ते बरोबरच आहे, पण ते बाहेर कुठे काढायचं तेही लिहायला पाहिजे ना.

म्हणून ताई, तयारी म्हणजे ही पण: आधी त्या रस्त्यावरचे पेट्रोल पंप बघून ठेवा, पंपावर शौचालय असतं, मागायला लाजायचं नाही, कुलूप असेल तर चावी मागायची. दोघी-तिघींनी मिळून जायचं. पाठीवरच्या पिशवीत एक मोठी ओढणी ठेवा, ती आडोशाला धरता येते. पाळीची तारीख जवळ असेल तर सामान सोबतच ठेवा, टेम्पोत नको, टेम्पो नेमका पुढे गेलेला असतो. आणि तुमच्या मायवर लक्ष ठेवा. अठरा खेपा केलेली बाई पाणी न पिता चालायला शिकलेली असते, आणि ती तुम्हाला हे स्वतःहून कधीच सांगणार नाही.

---

अनेरकाठची | ८ मार्च, रात्री १०:४५

मुक्ताईताई, तुमचं वाचून मी मायला फोन केला. म्हणाली "माले सवय शे." म्हणजे तेच. सगळ्यांचे मनापासून आभार. आज नऊ किलोमीटर झाले. डाव्या टाचेला गरम लागलं, चिकटपट्टी लावली, बरं आहे.

---

दहा_खेपा | ९ मार्च, सकाळी ६:३०

झकास. दहाचे नऊ चालतील.

---

जळगावची_सून | १५ मार्च, सकाळी ११:१०

एक विचारते, विषय थोडा वेगळा. गडावर आता ट्रॉली झालीय ना, २०१८ पासून? मग माझ्या सासूबाई एवढं पायी जाऊन शेवटी ट्रॉलीत बसतात, त्याचं पुण्य लागतं का असं नणंद विचारते. घरात रोज वाद.

---

निवृत्त_मास्तर_पारोळा | १५ मार्च, दुपारी १२:००

सासूबाईंना बसू द्या. इतकं चालून आलेल्या बाईच्या गुडघ्याचा हिशोब आई ठेवत नसेल.

---

चोपडेकर | १५ मार्च, दुपारी १२:३०

मी पायऱ्याच चढतो. पण मास्तरांशी सहमत.

---

डॉ_केळीपट्टा | १५ मार्च, दुपारी १:०५

चोपडेकर सहमत झाले, तारीख लिहून ठेवा.

---

टेम्पोवाला_भाऊ | २५ मार्च, रात्री ९:००

अनेरकाठची ताई, परतीचं ठरवलं का? झोडग्याहून मालेगाव एसटीने आणि पुढे नाशिक. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, दुसऱ्या दिवशी क्लच दाबला जात नाही. पाठीवरची पिशवी तीन किलोच्या वर नको, बाकीचं टेम्पोत.

---

अनेरकाठची | २५ मार्च, रात्री ९:३०

हो दादा, एसटीनेच. अठरा किलोमीटर झाले गेल्या शनिवारी आणि रविवारी आठ. निघते परवा.

---

अनेरकाठची | ३० मार्च, रात्री १०:१५

झालं. सगळं सांगते, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं केलंत.

शुक्रवारी संध्याकाळी धुळ्यात पोहोचले, एकविरेचं दर्शन घेतलं, खिचडी खाल्ली, पण आठला झोप कसली येते. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं, कोणी भजन म्हणतंय, कोणी घोरतंय, माय मात्र डोक्याखाली पिशवी घेऊन दोन मिनिटात झोपली. दीडला तिनेच उठवलं.

निघालो तेव्हा मला इतकं बरं वाटत होतं की मी पहिल्या तासात पुढच्या पोरींसोबत निघून गेले. अवधान गावाच्या पुढे मागे वळून बघितलं तर माय दिसेना. थांबले. पंधरा मिनिटांनी ती आली, तशीच, एका चालीत, ना घाई ना थकवा. म्हणाली, "पयू नको. गड काय पयी जास का?" (पळू नको, गड काय पळून जातो का?) त्यानंतर मी तिच्या मागेच राहिले. तिची पावलं लहान आहेत, टाच जवळजवळ उचलतच नाही. मी तशी चालून बघितली तर खरंच पोटऱ्यांना कमी ताण येतो. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, आणि ती सांगता येण्यासारखी नाहीच बहुतेक, मागे चालूनच कळते.

लळिंग घाटात टेम्पोवाल्या भाऊंचं पटलं. चंद्र नव्हता. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. मायला जाकीट घातलं होतं लुगड्यावरून, आधी नको म्हणत होती, मग बाकीच्या बायकांनी विचारलं कुठून घेतलं.

साडेसहाला उजव्या पायाला फोड. दहा_खेपा दादांनी नवीन काही घालू नका लिहिलं होतं, मी तीन आठवडे तेच बूट घातले आणि मोजे मात्र आदल्या दिवशी नवे घेतले, जुने विरले होते म्हणून. मायने तिच्या पिशवीतून जुन्या सुती लुगड्याची पट्टी काढली, व्हॅसलीन लावलं, पट्टी दोन वेढे गुंडाळली, वर माझा जुनाच मोजा. डॉक्टर, कातडी काढली नाही.

आणि मुक्ताईताई, तुमचं. आठ वाजता मी मायची बाटली हातात घेतली. भरलेली. दोनला भरली होती तशीच. मला तिथे रस्त्यावर रडू आलं. अठरा वर्ष ही बाई अशी चालतेय आणि आम्ही घरी बसून अभिमानाने सांगतो की आमच्या मायला तहान लागत नाही. पुढे आर्वीकडे जाताना पेट्रोल पंप दिसला, कुलूप होतं, मी आत जाऊन चावी मागितली, मुलाने लगेच दिली. माय नको नको करत होती, मग आमच्यामागे अजून सहा बायका आल्या. आळीपाळीने सगळ्या जाऊन आल्या, बाहेर ओट्यावर बसून पाणी प्यायल्या, दशम्या खाल्ल्या. अर्धा तास गेला. पुढची माणसं ओरडत होती की बायका मागे पडल्या. मायच म्हणाली, "वरडू द्या."

साडेदहाला एका मळ्यात सावली धरली, पाचला उठलो, सातच्या आधी झोडगे. देऊळ बघितलं मास्तर. उजेड जाता जाता दहा मिनिटं मिळाली. मायने अठरा खेपांत पहिल्यांदा बघितलं.

आज सोमवार, ऑफिसला जिना उतरताना कठडा धरून उतरले. मायचा दुपारी फोन आला, मालेगाव मागे पडलं, तब्येत बरी आहे. मी पाण्याचं विचारायच्या आधीच म्हणाली, "दोन पंप झाले आज."

---

मुक्ताईची_लेक | ३० मार्च, रात्री १०:४०

वाचून खूप बरं वाटलं ग ताई. ह्या वर्षी आमच्या पालखीत मी हेच करणार, पंपांची यादी आधीच काढून बायकांना वाटणार. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, आषाढी २५ जुलैला, वेळ आहे हातात.

---

टेम्पोवाला_भाऊ | ३० मार्च, रात्री ११:१५

अर्धा तास मागे पडलात त्याला काही होत नाही ताई. गाडीवाल्याने थांबायचं असतं. आमच्या दिंडीत मी पुढच्या वर्षी ठरवूनच पंपावर थांबवतो.

---

दहा_खेपा | ३१ मार्च, सकाळी ६:२०

आईची चाल शिकलात, आता एक टप्पा पुरणार नाही. पुढच्या वर्षी पौर्णिमा २० एप्रिलला आहे, ऊन जास्त असणार. सवय आधीपासून करा. आणि मोजे आत्ताच घ्या, वर्षभर वापरा.

---

अनेरकाठची | ३१ मार्च, सकाळी ८:००

घेतले दादा, तीन जोड. एक मायला. आणि पुढच्या वर्षी धुळे-झोडगे नाही, झोडगे-मालेगाव. तो रस्ता कसा आहे, पंप कुठे कुठे आहेत, कोणी सांगाल का?

---

टेम्पोवाला_भाऊ | ३१ मार्च, सकाळी ८:२५

उद्या-परवा गडावरून रिकामा परत येताना बघून येतो. कोणत्या पंपाला कुलूप नसतं ते पण लिहितो.